मेट्रनबाई आणि गाडीची पायरी

परवा मेट्रनबाईंच्या शोकसभेत ट्रस्टच्या साहेबांनी त्यांना 'सदा हसतमुख' म्हटलं आणि मी उठून बाहेर आलो. बाई हसतमुख नव्हत्या. बाई भयंकर चिडक्या होत्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी गोड बोलल्याचं मला आठवत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही, कारण त्यांच्या रागाला कारण असायचं. साहेबांना ते कारण चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी बाईंच्या फोटोला हार घालून त्यांना हसतमुख करून टाकलं.

आमच्या ट्रस्टची डोळे तपासायची फिरती गाडी. मी तिचा ड्रायव्हर, आणि मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाई तिच्या सर्वेसर्वा. लालबाग, परळ, शीव कोळीवाडा असे आमचे वार ठरलेले. गाडी उंच, त्यामुळे दाराखाली सरकती पायरी होती. दार उघडलं की मोटर फिरायची आणि पायरी बाहेर यायची, दार लावलं की आत जायची. रोज सकाळी पेशंट घ्यायच्या आधी बाई कडक इस्त्रीच्या साडीचा पदर खोचून त्या पायरीवर दणकन उडी मारायच्या. बाई अंगाने चांगल्या भरलेल्या. गाडी हलायची, समोरचे दुकानदार हसायचे. "माझं वजन पेललं म्हणजे कोणाचंही पेलेल," असं म्हणून त्या आत जायच्या. पायरी जरा जरी कुरकुरली तरी त्या दिवशी मी गाडीखाली.

एकदा मी त्या कुरकुरीवर उपाय म्हणून पायरी ज्यांतून सरकते त्या दोन्ही पट्ट्यांत भरपूर ग्रीस चोपडलं. आवाज बंद, मी खूश. पण लालबागला आमची गाडी उभी राहायची ती मसाला कांडणाऱ्या दुकानांसमोर. तिथे हवेतच मिरची आणि हळद असते. चार दिवसांत ग्रीसवर पूड बसून असा लगदा झाला की पायरी अर्ध्यावर येऊन थांबली. बाईंनी वाकून बघितलं, बोट लावून वास घेतला. "सुहास, ही पायरी आहे की कालवण?" तेव्हापासून ग्रीस बंद. ब्रशने घासायचं, धुऊन कोरडं करायचं, मग पूड न धरणारा सुका स्प्रे मारायचा, बोल्ट आवळायचे, वायर कुठे सोललीय का बघायचं. हे सगळं होईपर्यंत बाई डोक्याशी उभ्या. घाम माझा आणि बडबड त्यांची.

त्यांचा सर्वात मोठा वैताग म्हणजे चपला. आमचे लोक गाडीत चढण्याआधी चपला काढायचे, आणि काढून नीट पायरीखाली सरकवायचे, कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून. काही म्हाताऱ्या तर पायरीला हात लावून तो कपाळाला लावायच्या. दार बंद झालं की पायरी आत जाताना चपला घेऊनच जायची. मग आतून करकर आवाज आणि बाहेर बाईंचा आवाज. "चपला घालून चढा! हे देऊळ नाही!" अख्ख्या मुंबईत चपला काढल्याबद्दल ओरडा खाणारे पेशंट फक्त आमचे.

अशाच एका जाड चपलेने शेवटी मोटरचा गिअर फोडला. पायरी आत गेली ती बाहेर येईना. गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून नवा गिअर मागवायचा, एवढंच काम. ट्रस्टच्या ऑफिसात रोज 'बघतो', 'करतो', 'फाइल पुढे गेलीय'. आणि तोवर काय, तर त्यांनी एक प्लॅस्टिकचं स्टूल पाठवलं. बाईंनी ते पेशंटच्या पायाखाली ठेवायला साफ नकार दिला. त्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या, अक्षरांचा तक्ता गाडीच्या अंगाला टांगला आणि तिथेच तपासायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, तरणी माणसं चढतील की स्टुलावरून."

"ज्याला चढता येतं तो चालत दवाखान्यात जाईल," त्या खेकसल्या. "ही गाडी ज्याला चढता येत नाही त्याच्यासाठी आहे. एवढंही कळत नाही तुला?"

लालबागच्या चाळीतले परब आजोबा तेव्हा रोज चौकशीला यायचे. जन्म गिरणीत गेलेला, एक डोळा मोतीबिंदूने पूर्ण पांढरा, दुसरा त्याच वाटेवर. पेपर स्वतः वाचायचा एवढीच त्यांची इच्छा. "सून नुसते मथळे वाचता," ते म्हणायचे, "आतला काय ता माका कोण सांगतला?" ऑपरेशनआधी त्यांना आतल्या मशीनवर बसवायला हवं होतं. बाईंनी त्यांना बजावलं होतं, पायरी नीट होईपर्यंत थांबा.

बाई बहिणीच्या आजारपणात सुट्टीवर गेल्या आणि ऑफिसला बरंच झालं. बदली नर्स दिली, स्टूल दिलं, पेशंटचे आकडे वाढले पाहिजेत म्हणून सांगितलं. मी विरोध केला तर 'तू ड्रायव्हर आहेस' हे ऐकवलं. परब आले. पांढऱ्या डोळ्याने त्यांना स्टुलाची कड दिसत नव्हती. मी दंडाला धरलं होतं. "मी चढतंय रे, इतको काय म्हातारो नाय," असं ते म्हणाले आणि स्टूल सरकलं. माझ्या हातात त्यांच्या सदऱ्याची बाही राहिली. खुब्याचं हाड मोडलं. डोळ्याचं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

बाईंना कळलं तशा त्या थेट ऑफिसात आल्या, ते स्टूल हातात घेऊन. साहेबांच्या टेबलासमोर ठेवलं.

"एक डोळा झाका आणि चढा."

"बाई, तुम्ही शांत व्हा. मुळात लोकांनाच शिस्त नाही. चपला कोणी अडकवल्या?"

"लोक चपला काढतात ते तुमच्या गाडीला मान म्हणून. चढा."

साहेब हलले नाहीत. आम्ही सगळे बघत होतो. बाईंनी पुन्हा 'चढा' म्हटलं, आणि मग त्यांचा आवाज फुटला. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच बघितलं.

त्यानंतर वयाचं कारण काढून बाईंना घरी बसवण्यात आलं. आणि जो गिअर इतके महिने मिळत नव्हता तो लगेच आला. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मिळत होता! पहिल्या दिवसापासून मिळत होता!

पायरी बसवली त्याच संध्याकाळी मी दादरला बाईंकडे गेलो. त्या खिडकीशी भाजी निवडत होत्या. मी म्हटलं, "बाई, पायरी झाली. लोण्यासारखी चालते. सोमवारी लालबागला या ना, बघायला तरी."

बाईंनी मान वर केली नाही.

"परब येणार आहेत का चढायला?"

परब खाटेवर होते, आणि तिथून ते उठणार नव्हते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"मग मला कशाला बोलावतोस," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.