एक चाक बीडला, एक चाक केजला

आम्ही नवरा-बायको एकाच सकाळी बीडहून, एकाच गावाला, दोन वेगवेगळ्या गाड्यांनी निघालो. मी आमच्या छोट्या कारने, सुनंदा एसटीने. गाव युसूफ वडगाव, तिच्या मामाचं.

भांडण नव्हतं, भीती होती. दिवाळीत नेकनूरजवळच्या चढावर मी उसाच्या डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करायला गेलो आणि गाडीने ऐनवेळी दम टाकला. समोरून ट्रक आला. वाचलो ते नशिबाने. तेव्हापासून सुनंदा माझ्या गाडीत पाय ठेवत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही त्यानंतर कुणाला ओव्हरटेक केलं नव्हतं.

तिचा मामेभाऊ दत्तू बोअरच्या मोटारी भरतो (जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळतो). त्याने उपाय काढला होता: पुढची चाकं इंजिनावर चालतात तशीच चालू द्यायची, मागच्या दोन्ही चाकांत विजेच्या मोटारी बसवायच्या आणि डिकीत बॅटरी. परवानगीचे कागद मी आधीच करून घेतले होते.

"दाजी, चढाला गाडी अडली की आमी उतरून मागून ढकलायचो न्हाई का? त्योच धक्का, फक्त बटनावर," दत्तू म्हणाला.

जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, तशी सुनंदा पोटभर हसली. ती गावात उतरली होती माझ्या आधी. एसटीने मला हरवलं होतं.

दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलून दत्तूने बटन दाबलं. डावं चाक पुढे फिरू लागलं, उजवं मागे. दत्तूने बटन बंद करून पुन्हा दाबलं, तरी तेच.

ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या मामी ओरडल्या, "आरं दत्त्या, एक चाक बीडला निघालंय अन् एक केजला! बोअरची मोटार उलटी फिरली तर काय करतूस?"

दत्तूने कपाळावर हात मारला. दोन्ही मोटारी एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या, म्हणजे एकीला उलटं फिरवायला हवं, आणि याने तारा सारख्याच जोडलेल्या. बोअरच्या मोटारीला करतो तशीच त्याने उजवीकडच्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. दोन्ही चाकं केजला निघाली.

निघताना मी दार उघडून उभा राहिलो. सुनंदाने मामींकडे पाहिलं.

"बस की गं. लई आशेनं उभा हाय त्यो," मामी म्हणाल्या.

"बसते. पण वळणावर कुणाला मागं टाकायला गेलात, तर नेकनूरला उतरून एसटी धरीन," ती मला म्हणाली.

नेकनूरच्या अलीकडे वळणावर उसाची ट्रॉली लागलीच. मागून काळी-पिवळी जीप हॉर्न वाजवून जीव खात होती. अंगात नवा जोर आला की पाय शिवशिवतो, हे मी नाकारत नाही. पण मी ट्रॉलीच्या मागेच राहिलो, उसाचं पाचट काचेवर घेत. वळण सरलं, समोर रस्ता लांबवर मोकळा दिसला, तेव्हा बटन लावून पाय दाबला. कुणीतरी मागून दणकून ढकलावं तशी गाडी सुटली. सुनंदाचा श्वास सुटायच्या आत ट्रॉली मागे पडली होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणालो. माझाच आवाज मला हलका वाटला.

पालीजवळ बिंदुसरा धरणाचं पाणी दिसलं. दाखवावं म्हणून तिच्याकडे वळलो, तर ती मान कलती करून गाढ झोपली होती. जोर दत्तूच्या मोटारींनी दिला, हे कबूल. पण गाडीत माणूस झोपतं ते मोटारीच्या नव्हे, चालवणाऱ्याच्या भरवशावर. डोळे भरून आले, आणि या वेळी येसर नव्हती. घर येईपर्यंत मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.