मीठ लावलेली चरबी

आमच्या घरात कॉलेजची डिग्री घेतलेली मी पहिली, आणि तीही प्राणिशास्त्राची. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर हे सांगितलं की बाया म्हणतात, "म्हंजे म्हावरंच ना? त्यात काय शिकायचं?" मी हसण्यावारी नेत नाही. शिकायचं पुष्कळ असतं.

डिग्रीनंतर मुंबईतल्या एका सरांच्या हाताखाली काम मिळालं. किनाऱ्याला मेलेला डॉल्फिन लागला, की वनखात्याच्या परवानगीने त्याच्या कातडीखालच्या चरबीचा तुकडा कापायचा आणि बर्फात घालून पाठवायचा. त्या चरबीत कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक उतरतं. जिवावर बेतलं की ते रक्तात लगेच वाढतं, चरबीत मात्र सावकाश मुरतं. त्यामुळे जनावर जाळ्यात अडकून झटकन गेलं, की आधीपासून हाल सोसत होतं, याचा थोडा अंदाज येतो. पण एक गोम आहे. पाणी गार झालं तरी हे संप्रेरक वाढू शकतं, कारण अंगात ऊब ठेवायला साठवलेली चरबी खर्चायला काढावी लागते. ताणाचं किती आणि थंडीचं किती, हे कळायला दोन्ही ऋतूंतले तुकडे हवेत. आमच्याकडे मेलेले डॉल्फिन येतात ते बहुतेक पावसाळ्यात. थंडीतला तुकडा सरांकडे एकही नव्हता.

असा एक डॉल्फिन पौषात आमच्याच किनाऱ्याला लागला. मी पोचले तोवर बायांनी त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. आमच्यात मेलेल्या डॉल्फिनला तसंच सोडत नाहीत. त्याच्या मानेपाशी जाळ्याच्या दोऱ्याचे वळ होते. मी फोटो काढू लागले तशी गर्दी जरा मागे सरकली.

"सरकारची मानूस आली," कोणीतरी म्हणालं.

"डॉल्फिन भ्याला का ते बघायचंय तिला," शेजारची मावशी म्हणाली. "आमी भितो का ते कोन विचारत नाय!"

लोक हसले. माझा दादा हसला नाही. त्याची बोट आदल्या दिवशी त्याच बाजूला होती. डॉल्फिन मारायला कायद्याने बंदी आहे; जाळं कोणाचं हे निघालं तर चौकशी लागणार आणि ऐन हंगामात बोट बांधून ठेवावी लागणार, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

मी तुकडा कापला, फॉइलमध्ये गुंडाळला आणि आईच्या हातात दिला. "आय, बर्फाच्या पेटीत ठेव. उघडू नको." मग वनखात्याच्या माणसाबरोबर डॉल्फिनला पुरायला वरच्या वाळूत गेले.

घरी परत आले तर फॉइल सुकत घातलेल्या बोंबलांखाली पडलेली. तुकडा बरणीत होता. धुतलेला, वरून खडेमीठ चोळलेला.

"हे काय केलंस?"

"मीठ लावलं. आता किडनार नाय."

"बर्फ सांगितला होता ना मी!"

"बरफात विकायचा माल हाय. त्याचा वास लागला तर कोन घेईल? तुजे सर घेतील?"

बोलणं आईला शोभेल असंच होतं. जन्मभर तिने जे टिकवलं ते मिठात टिकवलं. पण पेटी अर्धी रिकामी होती, हे मी झाकण उघडून पाहिलं. आणि दादा दारात उभा होता, बोटीवर जायची वेळ टळून गेली तरी.

"तू सांगितलंस का तिला?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? मला काय कलतंय तुज्या चरबीतलं?"

मला खटकलं ते हेच. चरबीतून काय कळतं, हे दिवाळीत घरी आले तेव्हा मीच त्याला जेवताना समजावलं होतं, आणि त्याने दोनदा विचारून नीट समजून घेतलं होतं.

सरांना मी फोनवर खरं ते सांगितलं. तुकडा खारवला गेला, आता तपासण्यासारखा नाही. "वळ होते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "होते. फोटो पाठवते."

दादा समोरच होता. "पाठव," म्हणाला. "बहिनीनं शिकावं म्हनून मी आठवीत शाला सोडली. पाठव."

मी पाठवले. वळांवरून बोट ठरत नाही, त्यामुळे पुढे काही झालं नाही. पण त्यानंतर मी अंगणात पाय ठेवला की चाललेलं बोलणं थांबायचं. आई विचारायची, "जेवनार का?" तेवढंच.

यंदा थंडीत दादाचा स्वतःहून फोन आला. "आलाय एक. वनखात्याला कलवलंय. बरफात ठेवलाय, कोनी हात लावला नाय. ये."

तसाच होता. अख्खा, बर्फाने झाकलेला. विकायच्या मालाचा बर्फ. आई कडेला उभी होती, वासाबद्दल चकार शब्द बोलली नाही. मी बर्फ बाजूला सारला. मान, तोंड, शेपटी, सगळं बोटांनी चाचपलं. दोऱ्याचा कुठे ओरखडाही नव्हता. अंग इतकं वाळलेलं की बरगड्या हाताला लागत होत्या. बहुतेक आजारी असावा.

थंडीतला पहिला चांगला तुकडा मला मिळत होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं. वळ नसलेल्याला बर्फ मिळाला, वळ असलेल्याला मीठ.

वर पाहिलं तर दादा डॉल्फिनकडे बघतच नव्हता. माझे हात कुठे कुठे जातात ते बघत होता.

"सापडलं काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग काप ना लवकर. बरफ वितलतोय."

मी कापला, आणि या खेपेला फॉइल बर्फासकट स्वतःच्याच पिशवीत ठेवली.