मामाने न ओतलेलं तेल

मामीचा फोन आला तेव्हा मी सोसायटीची नोटीस लिहीत होतो. सानपाड्याच्या आमच्या इमारतीत टाकी धुण्यापासून कुत्र्यांना खायला घालण्यापर्यंतच्या सगळ्या नोटिसा मीच लिहितो, कारण माझं मराठी फार चांगलं आहे असं मी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलंय. 'सर्व सन्माननीय सभासदांनी उदार अंतःकरणाने एक दिवस पाण्याविना...' इथपर्यंत आलो होतो. मामी म्हणाली, "गेला रे तुजा मामा. चाय ठेवली होती त्याच्या म्होरं, ती तशीच हाय..." नोटीस तशीच राहिली. टाकी अजून धुतलेली नाही, आणि सभासदांची अंतःकरणं आता उदार राहिलेली नाहीत.

बाळाराम हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. सारसोळ्याचा, खाडीवर वाढलेला. पण जाळं धरायचं सोडून तो वीज कंपनीत लागला आणि सगळी नोकरी त्याने ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काढली. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं, ते त्याला थंड ठेवतं, हे मला त्यानेच शिकवलं. मला वाटायचं, आत नुसती वीज असते. मामा तेलाचा वास घेऊन सांगायचा, यात पाणी शिरलंय की नाही. नंतर यंत्रावर तपासणी व्हायची आणि यंत्र मामाशी सहमत व्हायचं. काहीही फेकून देणं त्याच्या जिवावर यायचं. ट्रान्सफॉर्मरला लावलेल्या डबीत निळे दाणे असतात, हवेतली ओल ओढून ते गुलाबी होतात. बाकीचे लोक गुलाबी दाणे कचऱ्यात टाकायचे. मामा ते घरी आणायचा आणि अंगणात चूल मांडून कढईत भाजायचा, पुन्हा निळे होईपर्यंत. मामीची चांगली जाड बुडाची कढई त्यात गेली. "माज्या कढईत कंपनी शिजवतो मेला," असं ती चारचौघांत सांगायची, आणि मामा खाली मान घालून दाणे परतत राहायचा.

आता मुद्द्यावर येतो. हा लेख मी शांत चित्ताने लिहीत नाहीये, हे वाचकांनी समजून घ्यावं.

मामाच्या वर्कशॉपला एक साहेब होते. नाव छापायचं नाही असं संपादकांनी बजावलंय, म्हणून छापत नाही. पण साहेब, रविवारची पुरवणी तुम्ही चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचता, हे मला ठाऊक आहे. तर नमस्कार.

उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर पटापट जळतात. त्या वर्षी अंगणभर जळके ट्रान्सफॉर्मर साठले होते, खराब तेलाचे ड्रम काठोकाठ भरले होते, आणि दुपारी वरून तपासणी येणार होती. साहेबांना अंगण स्वच्छ हवं होतं. ते म्हणाले, "नाल्यात सोडून द्या." मामा म्हणाला, "साहेब, ह्यो नाला आमच्या खाडीला लागतो. तिकडं माजा भाव जालं टाकतो." साहेब हसले, आणि त्यांनी मामाला एक ट्रान्सफॉर्मर आणायला गाडी देऊन ऐरोलीला धाडलं. मामा परत आला तेव्हा अंगण लख्ख होतं आणि नाल्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं. तपासणीवाल्यांनी अंगणाचं कौतुक केलं. दोन दिवसांनी सारसोळ्याची जाळी काळी होऊन वर आली.

बोंब झाली, चौकशी लागली. साहेबांनी मामाला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला. "बाळाराम, पाळीचा इनचार्ज कागदावर तू आहेस. चार ओळींची माफी लिही, प्रकरण मिटतं." मामा ते चार ओळींचं काम घेऊन माझ्याकडे आला. घरात शिकलेला भाचा मी. कॉलेजात निबंधाची ढाल मिळालेली.

चार ओळी? मी दोन पानं लिहिली. 'माझ्या हातून घडलेल्या या अक्षम्य प्रमादाचे ओझे मी आजन्म वाहीन...' मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं. मामाने वाचून विचारलं, "प्रमाद म्हंजी काय रे?"

"चूक."

"पन मी केली नाय."

"अरे मामा, अर्जात असंच लिहितात. पद्धत असते ती. तू सही कर."

त्याने सही केली. मला इतकी सुंदर फाशी लिहिता येते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

चौकशी तिथेच संपली. मामाच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा बसला. तो एक वेळ त्याने सोसला असता. पण पत्र गावात पोचलं, आणि गावाने ते खरं मानलं. का मानू नये? इतकं मनापासून लिहिलेलं होतं! नारळी पुनवेला सोन्याचा नारळ खाडीला द्यायला निघतो, तेव्हा सगळे त्याला हात लावतात. त्या वर्षी मामा पुढे झाला आणि त्याच्याच सख्ख्या भावाने, पांडूमामाने, नारळ उचलून दुसऱ्या बाजूला धरला. मामाचा हात तसाच हवेत राहिला... मी तिथेच होतो, नवा कुर्ता घालून. त्यानंतर मामा पुनवेला घराबाहेर पडला नाही. माझ्याशी मात्र एकदाही वाकडं बोलला नाही. फक्त भेटलो की म्हणायचा, "भाच्या, माज्या नावावरचं तेल पुसायचं बघ." मी बघतो म्हणायचो. बघत राहिलो.

साहेबांना मात्र त्याने सोडलं नाही. साहेब मासळीचे शौकीन, 'बाळाराम, कधी बोलावतोस घरी?' ही त्यांची जुनी मागणी. मामाने एका दुपारी बोलावलं. नाल्याच्या तोंडाशी मिळालेली निवटी, चिखलातली मासळी, आणली, मामीने वाटण घालून कालवण केलं, ताटाभोवती रांगोळी काढली. साहेबांनी घास तोंडाजवळ नेला आणि त्यांचं नाक आकसलं. रॉकेलसारखा वास.

"हे... कसला वास येतोय?"

"खावा ना साहेब. मासली आमच्या खाडीची, फोडनी तुमची," मामा म्हणाला. "आमी सगला गाव हेच खातो."

साहेबांनी घास खाली ठेवला. मामाने त्यांच्यासमोर बसून स्वतःचं ताट संपवलं, सावकाश, काटे चोखत. मामी सांगते, तसं शांतपणे जेवताना तिने त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही.

आणि दोनच महिन्यांत वर्कशॉपमध्ये काम सुरू झालं. अंगणाला सिमेंटचा बांध, सांडलेलं तेल जमा व्हायला पक्का खड्डा, पावसाचं पाणी वेगळं जाईल अशी गटारं. तेल गाळायचं मशीन आलं. पूर्वी नाल्यात जायचं ते तेल आता गाळून, तपासून पुन्हा ट्रान्सफॉर्मरमध्ये भरू लागले, आणि अगदीच कामातून गेलेलं सीलबंद ड्रममधून बाहेर जाऊ लागलं. हे सगळं मामाने वहीच्या कागदावर काढून दिलं होतं. कंपनीने पर्यावरणाचं बक्षीस दिलं ते साहेबांना. पेपरात फोटो आला. त्यात साहेब पूर्ण आहेत, ढाल पूर्ण आहे आणि मामाचा अर्धा खांदा आहे. त्यानंतर दर संक्रांतीला साहेबांच्या घरी तिळगूळ जायचा, सोबत गाळलेल्या तेलाची एक स्वच्छ पारदर्शक बाटली. साहेबांच्या निवृत्तीनंतरही मामा पत्ता शोधून पाठवायचा. किती बाटल्या झाल्या असतील, साहेब? ठेवल्यात की टाकल्यात? टाकल्या असतील तर कुठे?

शोकसभा गावच्या समाजमंदिरात झाली. साहेब आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि माईक घेऊन म्हणाले, "बाळारामच्या हातून एकदा मोठी चूक झाली. पण मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं, आणि त्या चुकीतूनच आमचा प्रकल्प जन्मला."

मी भित्रा माणूस आहे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर बोलायचं तरी मी आधी दोनदा बाथरूमला जातो. त्या दिवशी कसा उठलो मला माहीत नाही. म्हणालो, "ते माफीपत्र मी लिहिलंय. एक-एक शब्द माझा आहे आणि एक-एक शब्द खोटा आहे. तेल सोडलं त्या दुपारी मामा ऐरोलीला होता. साहेब, त्याला गाडी कोणी दिली होती?"

"आता माणूस गेल्यावर या जुन्या गोष्टी..."

"बोला ना साहेब," मामी पुढच्या रांगेतून म्हणाली. तिने पदरही सावरला नाही. "खाडीवाले सगले हितंच हायेत. त्यांनापन कलू द्या."

साहेबांनी सभागृहभर नजर फिरवली, मग पायांकडे पाहिलं. आणि तेव्हा पांडूमामा उठला. दाराशी गेला, चपलांच्या ढिगातून साहेबांचे चकचकीत बूट शोधून आणले आणि त्यांच्यासमोर जोडीने नीट ठेवले. "घाला," म्हणाला. "ऊन हाय भायेर." साहेब सगळ्यांसमोर खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. लांब नाड्या होत्या. कोणी हललं नाही. मी ते दृश्य रोज एकदा आठवतो, जेवणानंतर, बडीशेपेसारखं. मला त्याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

पांडूमामाने नंतर मामाच्या फोटोला नारळ वाहिला. तो रडला की नाही ते मी सांगत नाही, ते त्याचं त्याला.

मागच्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये गेलो, शेरा काढण्याचा अर्ज घेऊन. या वेळी खरोखरच चार ओळींचा. आताच्या इनचार्ज मॅडम तरुण आहेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारून पोच दिली आणि स्पष्ट सांगितलं, "काका, निवृत्त माणसाचा शेरा काढायची पद्धत मलाही माहीत नाही. वर पाठवते. वेळ लागेल." मी म्हटलं, लागू द्या, मी दर महिन्याला येणार आहे. साहेबांच्या नावाची जुनी पाटी अजून दारावर आहे. तिच्यामागे चिमणीने घरटं केलंय.

बाहेर पडताना अंगणात एक ट्रान्सफॉर्मर नुकताच उतरवला होता. एक कामगार खालचा नळ उघडायला वाकला, तोच मागून दुसरा ओरडला, "ए, थांब! आधी बाळाराम लाव!"

मी जागच्या जागी थांबलो. त्याने भिंतीशी उभं असलेलं एक भांडं ओढून आणलं. जुना ड्रम उभा चिरून, कडा घासून, दोन्ही बाजूंना मुठी जोडून केलेलं. ते नळाखाली सरकवलं. मी विचारलं, याला बाळाराम का म्हणतात?

"काय माहीत," तो म्हणाला. "पहिल्यापासून बाळारामच म्हणतात. ह्याच्याशिवाय इथं नळ खोलायचा नाय, असा नियम हाय."

नळ सुटला. तेल काळ्या धारेने आत पडू लागलं, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघेही तिथेच उकिडवे बसून राहिले. मीही बसलो.