बंद वखारीतली शर्यत

वाऱ्याशी हाडवैर धरलेला माणूस उभ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आमचे आतोबा अमरावतीच्या कापसाच्या बाजारात मापारी होते. टांगत्या काट्यावर कापूस जोखायचा तर वारा नको. एवढीशी झुळूक आली तरी पारडं झुलतं आणि घेणारा किंवा विकणारा, दोघांतला एक जण विनाकारण मार खातो. म्हणून बाकीचे मापारी उघड्या अंगणात मापं घेत असताना आतोबा वखारीची दोन्ही दारं लावून, अडसर घालून, घामाच्या धारांत कापूस जोखत आणि झुलतं पारडं दिसलं की आधी हातानं धरून थांबवत. इथवर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण घरी आत्यानं वांगी आणली तरी तीही दार लावूनच जोखली जात, आणि मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या. उघड्यावर माणसाचा खरा अंदाज येत नाही, असं त्यांचं म्हणणं. "यांच्या घरात वाऱ्यालेबी इचारून या लागते," असं म्हणत आत्या पदरानं वारा घेत बसायची. तेवढ्या वाऱ्याला मात्र आतोबांची परवानगी होती.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याची कळा आली. कालपर्यंत दुसऱ्याच्या चिलमीवर भागवणारा गडी बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या करून घेऊ लागला. भाव चढले तशी लबाडीही चढली. कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवायचं, ही तर घरोघरची युक्ती झाली. आतोबा कापसाच्या गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालत, मूठभर कापूस काढून गालावर घासत आणि डोळे मिटून निकाल देत, "ओला हाय." या शब्दापुढे भल्या भल्या शेठांचं काही चालत नसे. हळूहळू तो शब्द बाजारातून घरात आला. जावयानं न येण्याचं कारण कळवलं, ते ओलं. भटजींनी घाईघाईत दिलेला आशीर्वाद, तोही ओला. मी तेव्हा तिथल्या शाळेत पंतोजी होतो. माझ्या वर्गातली झाडून सगळी मुलं परीक्षेत उतरली, असं मी एकदा ऐटीत सांगितलं, तर आतोबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यातली तीन मी पुढं ढकलली होती, हे मी आपण होऊन कबूल करून टाकलं.

वाऱ्याशी असलेल्या या वैराचं मूळ वलगावच्या जत्रेत होतं. ऐन विशीत तिथल्या शर्यतीत आतोबा अकोल्याच्या एका गड्याबरोबर पळाले आणि दोन हातांच्या अंतरानं हरले. बक्षीस होतं एक नारळ. "वारा माया छातीवर होता," ते सांगत, "अन् त्याच्या पाठीवर." दोघं एकाच दिशेनं पळत असताना वाऱ्यानं हा दुजाभाव कसा केला, असं मी एकदा विचारलं, त्यानंतर महिनाभर मला त्या घरी सुपारीचं खांडसुद्धा मिळालं नाही. गंमत अशी की त्या अकोलेकराशीच त्यांची जानी दोस्ती झाली, आणि पुढं आतोबांनी आपली मुलगी त्याच्याच मुलाला दिली. घर चांगलं होतं हे खरं, पण वर्षातून चार वेळा हक्कानं शर्यतीचा विषय काढायची सोय झाली, हेही खरं. व्याही झाल्यावर दोघं एकमेकांना अहोजाहो करू लागले. वाऱ्याची गोष्ट निघाली की मात्र दोघांची गाडी थेट अरेतुरेवर घसरायची.

एका वर्षी हंगाम संपून वखार रिकामी पडली, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी वखारीत शर्यती होतील, असं आतोबांनी जाहीर केलं. पळणं, उडी मारणं, मणाचं वजन फेकणं, सगळं दार लावून. आणि शर्यती साध्यासुध्या नव्हेत, अख्ख्या हिंदुस्थानाच्या. मी म्हटलं, "आतोबा, अख्खा हिंदुस्थान अमरावतीला कशाला येईल?"

"याले कायले लागते? आलेलाच हाय," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. तेजीनं मारवाडी मुनीम, गुजराती दलाल, तेलंगी हमाल आणि पठाण चौकीदार असे सगळे आमच्या बाजारात आणून ओतलेच होते. व्याही अकोल्याहून दोन गाड्या भरून गडी घेऊन आले. वैशाखातल्या ऐन दुपारी वखारीची दारं लागली, आणि हिंदुस्थान उकडू लागला. खांबांभोवती पळताना मुनीमजींना भोवळ आली आणि ते उलट्या दिशेनं पळत सुटले. गुजराती दलालानं उडी मारली ती उरल्यासुरल्या कापसाच्या ढिगात. त्याला बाहेर ओढून काढलं तेव्हा त्याला शिंका सुटलेल्या. शिंकेनंही वारा हलतो, म्हणून त्या थांबेपर्यंत आतोबांनी पुढच्या उड्या रोखून धरल्या. मग पठाणानं मणाचं वजन असं काही भिरकावलं की दाराची फळीच फुटली. थंड नव्हे, चांगली गरम झुळूक आत आली, पण सगळ्या जातीधर्मांचे लोक एकदिलानं त्या भोकापुढं गोळा झाले. आतोबांनी धावत जाऊन भोकात कापसाचा बोळा कोंबला.

शेवटी ज्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती शर्यत आली. आतोबा आणि व्याही, खांबांभोवती तीन फेऱ्या, जो आधी दाराला हात लावील तो जिंकला, आणि बक्षीस पुन्हा एक नारळ. पन्नाशी उलटलेल्या दोघांनी पागोटी उतरवली, काष्टे खोचले. मला हसू येत होतं, पण आतोबांचा चेहरा पाहिला आणि ते जिरलं. तीस वर्षं ते जे सांगत आले होते ते खरं की खोटं, याचा आज निकाल होता. दोन फेऱ्या व्याही पुढं होते. तिसऱ्या फेरीत, शेवटच्या खांबापाशी, त्यांच्या कमरेत चमक भरली. ते थबकले आणि आतोबांचा हात दाराला लागला.

वखार दणाणली. तेलंगी हमालांनी आतोबांना उचलायला हात पुढं केले. ते हात बाजूला सारून आतोबा धापा टाकत व्याह्यांकडे गेले आणि त्यांच्या छातीवर पालथा हात ठेवला. छाती शांत होती. दम लागलेला नव्हता.

"ओला हाय," आतोबा म्हणाले. "पानी मारलं हाय याच्यात."

"घे ना गा तो नारळ," व्याही हळूच म्हणाले. "एक मले भेटला, एक तुले. झाली बरोबरी."

"तू काहून थांबला?"

व्याही पागोटं बांधू लागले. नारळ दोघांनीही घेतला नाही. आतोबांनी तो वर टांगलेल्या एका जुन्या काट्याच्या पारड्यात ठेवला आणि निकाल लागेपर्यंत तिथंच राहील, असं सांगितलं.

पुढं अमेरिकेतली लढाई थांबली, कापूस उतरला, चांदीच्या टोप्या बैलांच्या शिंगांवरून गेल्या त्या परत आल्या नाहीत. नारळ मात्र पारड्यातच होता. दर आखाजीला व्याही येत, वर पाहत आणि विचारत, "फोडाचा काय?" आतोबा म्हणत, "निकाल कुठी लागला?" मग दोघं पोटभर भांडून जेवायला बसत. एके वर्षी आखाजीच्या आधीच अकोल्याहून व्याही गेल्याचा निरोप आला.

आतोबा दहाव्याला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी वखारीत गेलो तर दोन्ही दारं सताड उघडी, वारा भणाणत होता, जमिनीवर कापसाचे पुंजके लोळत होते, आणि ते काट्याखाली बसले होते. मी सवयीनं दार लोटू लागलो.

"राहू दे, पंतोजी," ते म्हणाले. पायाशी आलेला एक पुंजका त्यांनी हातानं दूर सारला. मग म्हणाले, "वलगावले त्या दिवशी वारा नोहता. झाडाचं पान हालत नोहतं."

मी दारावरचा हात काढला. "मग हे व्याह्यांना कधी सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याले ठाऊकच होतं," ते म्हणाले. "तोबी तिथंच पयत होता ना."

वर नारळासकट पारडं झुलत होतं. आतोबांनी ते धरलं नाही.