उंचीप्रमाणे लावलेली पुस्तकं

मारोतीभाऊ गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. आमच्या वाचनालयाच्या समितीचा ग्रुप आहे. त्यावर सकाळी कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं होतं, त्याखाली ‘आपले ग्रंथपाल मारोतीभाऊ यांचे दुःखद निधन’, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि मग सचिवांचा प्रश्न : शोकसभेला नाश्ता काय ठेवायचा? माणसाची तिरडीही अजून उठली नव्हती... शिसारी आली मला. पण मीही दोन हात जोडून टाकले आणि शाळेत शिकवायला गेले.

अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात मारोतीभाऊ माझ्या लहानपणापासून ग्रंथपाल. मोठे गोड गृहस्थ होते असं सगळे आता म्हणतात. साफ खोटं. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं फटकळ. मी तिसरीत असताना पहिल्यांदा पुस्तक मागायला गेले, तर म्हणाले, “मी नाही देत. तुले डोळे आहेत ना? शोध.” मी रडायला लागले, तेव्हा टेबलामागून उठले आणि कार्डांचा लाकडी खण माझ्यासमोर ओढला. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, कार्डावर विषयाचा आकडा, तोच आकडा पुस्तकाच्या पाठीवर भाताच्या खळीनं चिकटवलेला. आकडा तळहातावर लिहायचा आणि कपाटापाशी जायचं. त्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. त्यामुळे समजावणंही तसंच. “तलावाचं पानी सरळ धानाच्या बांधीत येते काय? आधी नहर, मंग पाट, मंग तुही बांधी. पाचशे म्हंजे विज्ञानाची नहर. पाचशे नव्वद, जनावराचा पाट. अठ्ठ्याण्णववर गेली का पाखराची बांधी. आता जा.” मी तासभर चुकत राहिले, ते हात पाठीमागे बांधून बघत राहिले. बोटसुद्धा दाखवलं नाही. पुस्तक सापडलं तेव्हा मला जो माज चढला, तसा पुढे बी.एड. झाल्यावरही चढला नाही.

यंदा माझी मुलगी सानू तिसरीत आहे. तिला धानाच्या बांधीत उतरणाऱ्या सारसांबद्दल वाचायचं होतं. मी तिला मारोतीभाऊंकडे नेलं. त्यांना दम लागत होता, पण शिकवण्याची तऱ्हा तीच. सानूनं कार्ड शोधून तळहातावर ५९८ लिहिलं, तेवढ्यात वाचनालय बंद करायची वेळ झाली. “पुस्तक आहे, मले मालूम आहे कोठं आहे,” ते म्हणाले, “पन सांगनार नाही. येजो उद्या.” दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

शोकसभा वाचनालयातच घ्यायचं ठरलं. बैठकीत सचिव म्हणाले, पाहुणे कपाटांसमोर बसतील, फोटो पेपरात जाईल, पुस्तकं अशी वरखाली काऊन दिसून राहिलीत? उंचीप्रमाणे लावून घेऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरावाची वही फिरत माझ्याकडे आली. त्या माणसाचं आयुष्य त्या क्रमात गेलं होतं, हे त्या खोलीत मला एकटीला पक्कं ठाऊक होतं. पण वाईटपणा कोण घेणार? एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं मनाला सांगून मी सही केली.

सभा दणक्यात झाली. कपाटं सैनिकांसारखी दिसत होती. पाहुण्यांनी ‘मारोतराव’ म्हणून पाऊण तास भाषण ठोकलं. वाचनालयाची पायरी चढताना त्यांना मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग तर्री पोहे आले. चमचे कमी पडले, तसे कुणीतरी जाड कागदाचे तुकडे वाटले. मीही खात होते. अर्धी बशी संपल्यावर हातातला तुकडा उलटला, तर तर्रीच्या तेलाखाली मारोतीभाऊंचं अक्षर. कार्डांचा खण रिकामा करून त्यात पाहुण्यांच्या शाली आणि नारळ ठेवले होते. मी बाहेर जाऊन ओकले. लोकांना वाटलं, मॅडमना दुःख फार झालं.

तीन आठवड्यांनी सानू हट्टानं मला घेऊन गेली. पुस्तकं अजून तशीच, उंचीप्रमाणे. स्वयंपाकाशेजारी कायदा, कायद्याशेजारी मराठ्यांचा इतिहास. पाचशे कुठेच नव्हतं, किंवा सगळीकडे होतं. नवा कारकून मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, “कोनतंही घे न बाई. सारे पुस्तकंच तं आहेत.” सानूनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला बरं वाटलं. मग ती खाली बसून एकेका पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा वाचायला लागली आणि पाचनं सुरू होणारी पुस्तकं बाहेर काढून ठेवायला लागली. कारकुनानं सचिवांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“मॅडम, लेकराले समजावा. तपासनीले सायेब येऊन राहिले. आन ठरावावर तुमची सही आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले.

सानूचा हात थांबला. “आई, तू सही काऊन केली?”

पाहुण्यांची, सचिवांची किळस करणं सोपं होतं. मी पदर खोचला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. कारकून बडबडत राहिला. बंद करायच्या वेळेपर्यंत आम्ही पाचशेची एक फळी लावून काढली. सारसाचं पुस्तक वरच्या रांगेत, एका जाड शब्दकोशामागे पडलं होतं. ते सानूलाच सापडलं.

परवा मला समितीतून कमी केल्याचं पत्र आलं. झालं ते बरंच झालं. काल पुन्हा जाऊन बघून आले. सबंध वाचनालयात तेवढी एक फळी मारोतीभाऊंची आहे. बाकीची कपाटं त्यांच्या श्रद्धांजलीची आहेत.