तिसरा ‘नो’

मंदीत बाबांची बांधकामाची साइट बंद पडली आणि ते दिवसभर घरी असायचे, त्या वर्षी मी दुबईतल्या एका कॉलेजात सिनेमाचा इतिहास शिकत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझा अभ्यास अख्ख्या घराचा असायचा. हॉलिवूडच्या सुरुवातीच्या बोलपटांतल्या बायकांवर निबंध लिहायचा होता. अल मनखूलच्या आमच्या खोलीत मी लॅपटॉपवर एक जुना सिनेमा लावला. आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. बाबा तिला मराठीत सांगत होते.

एक टायपिस्ट आणि तिचा साहेब. तो तिला जेवायला चल म्हणतो. ती म्हणते, ‘नो’.

“नाही म्हणतेय,” बाबा म्हणाले.

तो दारात आडवा उभा राहतो. पुन्हा ‘नो’.

“नको म्हणतेय.”

तो तिचं मनगट धरतो. तिसऱ्या ‘नो’च्या मागे व्हायोलिन वाजू लागलं. बाबा हसले. “आता म्हणतेय, इश्श, असं काय करता!”

आईचा मटार सोलणारा हात थांबला. “अहो, तिन्ही वेळा ती नोच म्हणाली. तेवढं इंग्रजी मला कळतं.”

“अगं, लाजतेय ती. बघ, शेवटी लग्न करतात.”

करतात खरं. पण मूकपटांत पाट्यांवर लिहून यायचं ते बोलपटांत बाई स्वतः बोलू लागली, असं मी वर्गात मोठ्या आनंदानं लिहून घेतलं होतं. आता त्या वाक्याचाच संशय यायला लागला. आणि बहुधा त्यामुळेच, दुसराही एक संशय आला.

उम्म अल कुवैनला गोदाम असलेल्या, बाबांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला त्यांच्या ऑफिसात नोकरीला बोलावलं होतं. कॉलेज नंतर बघू, म्हणाले. मी काय शिकते ते त्यांनी विचारलं नव्हतं. फोटो मात्र मागितला होता. मी बाबांना नको म्हटलं होतं.

मी सिनेमा थांबवला. “बाबा, मी नको म्हटलं ते तुम्ही काकांना काय सांगितलंत?”

बाबा चष्मा पुसू लागले. “हेच की... जरा घाबरतेय. येईल रविवारी आठवडा सुरू झाला की, इन्शाल्ला.”

“म्हणजे हिच्या ‘नको’चंही इश्शच केलंत,” आई म्हणाली.

“अगं, माणूस चांगला आहे. मी असा घरात बसलेला...”

“असेल चांगला. मग हिच्या तोंडून ऐकू दे त्याला.”

बाबांनी नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. मी म्हणाले, “काका, मला तुमच्याकडे कामाला यायचं नाही.”

पलीकडून हसू ऐकू आलं. “अगं, पहिल्यांदा सगळ्याच मुली असं म्हणतात. रविवारी मी स्वतः गाडी घेऊन येतो.”

बाबांनी फोन माझ्यापुढून स्वतःकडे घेतला.

“ती नाही म्हणाली,” ते म्हणाले. “मी ऐकलंय. तुम्ही येऊ नका.”