डोर्लेचं गाणं कुणाचं?

कांटर त्साइडलर देवमाणूस होते की लबाड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जर्मन मुलखात, आमच्या थुरिंगियातल्या एवढ्याशा गावात कांटर म्हणून त्यांनी उभा जन्म चर्चचं गाणं-बजावणं सांभाळलं. दर रविवारी नवी रचना. लग्न असो की मयत, त्याची वेगळी. वर शाळेत पोरांना लॅटिन शिकवायचं आणि ऑर्गनची रुसलेली नळी स्वतःच ठोकून बसवायची. ड्यूकच्या दरबारी जायचं त्यांच्या फार मनात होतं, पण बोलावणं गेलं कुणा इटालियन पोराला. "बरं झालं, तिथली बिअर आंबट असते," म्हणाले. मग त्या रविवारी ऑर्गन असा काही बडवला की पाद्रीबाबा प्रवचनच विसरले.

मी वालपुर्गा, पाववाली. नवऱ्यामागे भट्टी मीच चालवते. रोज सकाळी माझी लेक डोर्ले कांटरांच्या दारी पाव पोचवायची. नऊ वर्षांची होती. एका हिवाळ्यात तापानं गेली.

तिच्या मातीला कांटरांनी गाणं केलं. शाळेची पोरं ते इतकं संथ गायली की पेटी खाली जाताना कुणाला घाई करवेना. त्यानंतर पीठ मळताना माझ्या तोंडी तेच असायचं. खोटं कशाला बोलू, पोरीचा चेहरा पुसट व्हायला लागला होता. गाणं तेवढं उरलं होतं, आणि ते माझं होतं.

वसंतात चांभारवाड्यातल्या म्होरक्याच्या मुलीचं लग्न निघालं. केक घेऊन मी मांडवात गेले, तर ढोल-तुताऱ्यांवर काय वाजावं? माझ्या डोर्लेचं गाणं! तेही धावत, उड्या मारत. शब्द म्हणे नवरीच्या गालांवरचे. लोक टेबलं बडवत होते. माझे मेले पाय ठेका धरायला लागले आणि डोळ्यांतून धारा. धड हसू येईना, धड रडू येईना.

"काय गं, बिअर चढली की काय?" शेजारची उर्सेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या हातांनीच कांटरांचं घर गाठलं. त्यांची बायको सुझाना वाटाणे सोलत होती, कांटर लिहीत बसले होते.

"कांटरसाहेब, माझ्या पोरीचं गाणं लग्नात नाचवलंत?"

"नाचवलं की," शांतपणे म्हणाले. "कोट झिजला तर फेकून देतेस का? उलटवून शिवतेसच ना? ड्यूकच्या वाढदिवसाचं गाणं मी नाताळात येशूला वाहिलं. दोघांपैकी कुणाचीच तक्रार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोट कसला? कफन होतं ते माझ्या लेकीचं! तुम्हाला काही सोयरसुतक आहे की नाही?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "ते कफनासाठी नव्हतंच, वालपुर्गा."

"मग आधी कुणासाठी केलं होतंत? ड्यूकसाठी?"

"मी केलंच नव्हतं. तुझी डोर्ले पाव घेऊन यायची ना, सुझाना कडी काढेपर्यंत दारात एका पायावर उड्या मारायची आणि हे गुणगुणायची. मी वरच्या खिडकीतून ऐकायचो. मातीच्या वेळी संथ केलं, दुसरं काय करणार? लग्नात वाजलं ते तिच्या चालीनं."

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. भट्टीपाशी तर ती कधी गुणगुणली नव्हती. की गुणगुणली होती आणि जाळाच्या आवाजात मला ऐकू आलं नव्हतं? की हा माणूस माझी समजूत घालत होता?

"खरं का हो?" मी सुझानाला विचारलं.

"मला नको बाई विचारू," ती म्हणाली. "मी कडी काढायचे तेव्हा पाव गरम असायचा, एवढंच आठवतं मला."

पुढे कित्येक वर्षं मी कांटरांच्या गल्लीतून जाताना कान देऊन थांबायचे. काहीच कळायचं नाही.

मागच्या शरदात कांटर गेले. सुझाना म्हणाली, मातीला कुठलं गाणं ते वालपुर्गा सांगेल. नवे कांटर कोरा विग घालून माझ्याकडे आले. मी डोर्लेचं गाणं सांगितलं.

"संथच ना?"

"जलद."

"मयतीला? अहो बाई, लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू देत. मी आहे ना उभी."

पोरं आधी बावचळली, मग सुटली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. टोपी छातीशी धरावी की ठेका धरावा, कुणाला कळेना. मलाही कळलं नाही. माझा डावा पाय आपोआप वर उचलला गेला, आणि सुझानानं दंड धरला नसता तर मी त्या खड्ड्याच्या काठावर उडीच मारली असती.